खांद्यावरून बेटावर

सुशिक्षित माणसाने वर्षातून एकदा तरी निसर्गाला शरण जावे, असे माझे ठाम मत आहे. फक्त धोतर भिजता कामा नये. म्हणून १९२८ च्या नाताळात थळ गावासमोरच्या एका चिमुकल्या बेटावर मी रिवाजाप्रमाणे माणसाच्या खांद्यावर बसून उतरलो. खडकांमुळे होडी तिथे दूरच थांबते. खांद्यावर बसले की खालच्या माणसाचे तोंड दिसत नाही, आणि ते पाहण्याची आपल्याकडे पद्धतही नाही.

दिवसभर झोपड्या, माडबन, पक्षी पाहिले. उन्हे कलली, भरती लागली. होडीतून नावाडी येसाजी ओरडला, "चला रावसाहेब, पानी चढतंय!"

"सकाळचा माणूस पाठव. मला पोहता येत नाही."

"कंचा मानूस? बेटावरचे बापये समदे दर्यात गेलेत."

"मग मला उतरवलं कोणी?"

"काय ठाव! तुमी बसल्या बसल्या पान्यावरनं गेलात. शिकलेला मानूस, म्हनून म्या इचारलं न्हाय."

मी हसणार होतो. तेवढ्यात माझ्या पुढ्यात, ओल्या वाळूत, दोन पावले उमटली. बोटे समुद्राकडे होती. मग कोणी उकिडवे बसावे तशी ती चवड्यांवर खोल रुतली आणि तशीच थांबली.

येसाजीची ती त्या दिवसाची शेवटची खेप होती.