पावलांतला गहू

"हल की एक लकीर नहीं है, रावसाहब. ये तो पड़ती जमीन है."

नायब तहसीलदारांनी काठावरून सगळ्या तळ्यावर नजर फिरवली. मुरार गावापलीकडचं हे तळं दिवाळीनंतर आटत जाई आणि मागे राहिलेल्या चिखलात नांगर न घालताच गहू पेरला जाई.

"यहाँ हल नहीं चलता," जयसिंहराव म्हणाले. "पानी उतरता है, पीछे-पीछे गीले में बीज दबाते हैं."

"किसने दबाया?"

सगळं त्यावरच अडलं होतं. नव्या कायद्यानं जागिरी गेल्या होत्या. आता ज्याच्या घरचं माणूस स्वतः कसेल, त्याचीच जमीन राहणार होती.

"मैंने," जयसिंहराव म्हणाले. सत्तरी ओलांडलेले, डोक्याला फेटा, पायांत जरीचे जोडे. खोटं बोलायची सवय नव्हती, ते लगेच दिसलं.

गव्हाला मात्र लपवालपवी येत नव्हती. मधल्या ओल्या गाळात तो सगळीकडे हिरवागार उगवला होता. काठाकडे जमीन वाळून तडकली होती, तिथलं बी वाया गेलं होतं. पेरताना पाय रुतला होता तेवढ्याच खळग्यांत ओल टिकली होती आणि तेवढेच कोंब वर आले होते. एकामागून एक हिरवी पावलं. लहान, बाईची.

तहसीलदारांनी ती पावलं पाहिली, मग जोडे पाहिले.

"जूते उतारिए."

जयसिंहराव हलले नाहीत. मागे बाभळीखाली पडदा लावलेली बैलगाडी उभी होती. कसणाऱ्याला घेऊन या, असा निरोप होता म्हणून ती आणली होती, आणि पडदा उघडायची वेळ येऊ नये म्हणून ते सकाळपासून देवाला विनवत होते. घराण्याच्या बायका गोषातल्या. विधवा सून पहाटे चिखलात उतरते हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हतं.

पडदा आतूनच बाजूला झाला. विजयाबाई उतरल्या. डोक्यावरून पदर, पाय अनवाणी.

गाळ जिथून ओला व्हायला लागत होता तिथल्या एका हिरव्या पावलाकडे तहसीलदारांनी बोट दाखवलं. "इसमें पाँव रखिए."

विजयाबाई थांबल्या. कोंब नुकते बोटभर झाले होते. त्यांनी पाय उचलला आणि शेजारच्या मोकळ्या गाळात दाबून ठेवला. नवा ठसा उमटला. जुन्याच्याच मापाचा.

तहसीलदारांनी वाकून दोन्ही ठसे ताडून पाहिले. "ठीक है," ते म्हणाले. "जमीन आपकी रही." आणि वळून चालू लागले.

जमीन राहिली, पण जयसिंहरावांना स्वतःचीच लाज वाटत होती. त्यांनी वाकून जोडे काढले, हातात घेतले आणि सुनेच्या मागोमाग गाळात उतरले.

"कडेकडेनं या, आबासाहेब," विजयाबाई म्हणाल्या. "इथं गहू आहे."