कच्चे आधी

“काम तुझं चांगलंच आहे गं, पण ते दिसत नाही,” टीमचा प्रमुख म्हणाला आणि खुर्चीत मागे रेलला. “केलं ते सांगावं लागतं. मोजून दाखवावं लागतं.”

काचेच्या खोलीत दोघंच होते. तिने मान हलवली. हे वाक्य ती दरवर्षी ऐकायची, आणि दरवर्षी तिचं काम ह्याच माणसाच्या तोंडून झकास दिसायचं. खरेदीच्या ॲपमधला शोध तिने मुळापासून नव्याने लिहिला, तर भर सभेत ‘मी काय बदललं’ म्हणत तो ह्याने पडद्यावर दाखवला. टीममध्ये ह्याला नगारा म्हणत आणि तिला मुंगी. मुंगीने वाहायचं, नगाऱ्याने वाजायचं.

“ह्या वेळी माझी बढती समितीपुढे जातेय,” नगारा म्हणाला. “माझ्या कामाचं तेवढं लिहून देशील? तुला शब्द बरे सुचतात.”

दुसरी कुणी असती तर हातातला कॉफीचा कप त्याच्या शर्टावर रिकामा केला असता. मुंगी म्हणाली, “देते की, सर.”

कारण तिच्याकडे एक बातमी होती.

रोज सकाळी ती धंद्यातल्या बातम्या वाचायची आणि टीमच्या ग्रुपवर थोडक्यात टाकायची. कोणी कोणाला गिळलं, कुठे भरती, कुठे कपात. बाकीचे आयतं वाचत. नगारा तर छाती काढून सांगायचा, “ही वाचते, म्हणून मी वाचत नाही.”

त्या दिवशी कुठल्याशा कोपऱ्यातल्या साइटवर जेमतेम दोन ओळी होत्या. त्यांच्या कंपनीला नवा मालक मिळणार होता, आणि हा मालक पाय ठेवील तिथे आधी माणसं छाटायचा.

छाटणीचा कंपनीचा नियम जुना होता. कच्चे आधी. बढती मिळाली की माणूस नव्या पदावर सहा महिने कच्चा धरला जाई. जुनी खुर्ची सुटलेली, नवी पक्की व्हायची असलेली. एरवी त्याचं कुणाला काही वाटत नसे. केक कापून लोक आनंदाने कच्चे होत.

ती बातमी मुंगीने ग्रुपवर टाकली नाही.

“ह्या वर्षी तरी वर चढलीस का?” घरी आईने विचारलं.

“नाही.”

“मग शेजारणीला सांगू काय? मागे म्हटलं, आमच्या मुलीने शोध सुधारला. ती म्हणते, का हो, काय हरवलं होतं?”

मुंगीला हसू आलं. “ह्या वेळी साहेबाला चढवतेय.”

“एवढा चांगला आहे तो?”

“नालायक आहे. वरून पडला की जास्त लागेल.”

आईने भाजी चिरायची थांबवली. “हे मी तुला शिकवलं नव्हतं.”

“ऑफिसात शिकवतात.”

नगाऱ्याचं गुणगान तिने मन लावून लिहिलं. स्वतःसाठी एवढं कधी लिहिलं नव्हतं. शोध किती जलद झाला, तक्रारी किती घटल्या, अर्ध्यावर खरेदी सोडून जाणारी गिऱ्हाइकं किती थांबली. सगळं मोजून, तक्ते काढून, त्याच्या नावावर. नगाऱ्याने ते दोनदा वाचलं. “हे सगळं... एवढं केलं आपण?” म्हणाला.

“तुम्ही केलंत, सर.”

समितीपुढे तो बराच वेळ होता. बाहेर आला तेव्हा तोंड उतरलेलं, आणि मुंगीच्या टेबलाजवळून जाताना त्याने नजर चुकवली. लाज वाटली असेल, तिने मनात म्हटलं. वाटू दे. उशिरा का होईना.

आठवड्यात त्याची बढती जाहीर झाली. केक आला. मुंगीने मोठा तुकडा घेतला.

मग नवा मालक आला.

सकाळपासून एकेकाला आत बोलावणं सुरू झालं. नगाऱ्याचा नंबर लवकर लागला. दहा मिनिटांत तो बाहेर आला, पुठ्ठ्याच्या खोक्यात चार वस्तू टाकल्या आणि खोकं उचलून सरळ मुंगीच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. ह्या क्षणासाठी तिने मनातल्या मनात कितीतरी वाक्यं घासूनपुसून ठेवली होती. तोंडातून निघालं ते अगदी साधं.

“मला आधीपासून माहीत होतं, सर. मालक येणार, कच्चे जाणार. म्हणून तर एवढं झकास लिहिलं. तुम्ही माझं काम खाल्लंत, मी तुमची नोकरी खाल्ली. आता फिट्टंफाट.”

आजूबाजूचे हात कीबोर्डवरच थांबले. नगारा ओरडेल, खोकं आपटेल, असं तिला वाटलं होतं. त्याने खोकं छातीशी नीट धरलं.

“समितीपुढे तू लिहिलेलं वाचायला घेतलं,” तो म्हणाला, “आणि मला पुढे वाचवेना. ओळन् ओळ तुझी. इतकी वर्षं मी काय करत आलो ते एका कागदावर कधी पाहिलंच नव्हतं. सांगून टाकलं त्यांना, की ह्यातलं माझं काही नाही, सगळं तिचं आहे.”

“थापा मारू नका. बढती तुम्हाला मिळाली.”

“मिळाली. खरं बोललो म्हणून दिली म्हणाले. मी अट घातली, तिला नाही तर मलाही नको.” त्याने खोकं टेबलावर ठेवलं. “मानलं त्यांनी. पत्र हातात पडेपर्यंत तिला सांगू नका, एवढंच म्हणाले. पत्र सोमवारी यायचं होतं. पण तुझी बढती माझ्याच तारखेपासून लागू आहे.”