सीलबंद संध्याकाळ

संक्रांतीचा तिळगूळ वाटून कुमुद घरी आली, तर पीडित साहाय्य केंद्रातल्या मुजावर मॅडम दारातच उभ्या होत्या.

"कुमुदताई, ज्यानं तुम्हाला जिन्यात मारलं तो जामिनावर सुटलाय. हे तुम्हाला आधी कळायला हवं होतं, तो तुमचा हक्क आहे. आमचं चुकलं."

कुमुदच्या कपाळावर टाक्यांचा वण होता, पण ती संध्याकाळ डोक्यात नव्हती. कोर्टानं तिची आठवणच पुरावा म्हणून डोक्यातून काढून सीलबंद केली होती. मारणाऱ्याचा चेहराही त्या आठवणीबरोबर गेला. निकालापर्यंत शेजाऱ्यांनीही तोंड उघडायचं नाही, असा हुकूम होता. कुमुदला तेच बरं वाटायचं, निदान झोप तरी लागायची.

"तो सुटलाय, म्हणून आता नाव सांगता येईल," मॅडम हळूच म्हणाल्या, "पण तुम्हाला हवं असेल तरच."

कुमुदनं हातातल्या रिकाम्या डब्याकडे पाहिलं. दुसऱ्या मजल्यावरचे खोत, बरेच महिने गावी होते म्हणे, आज तिळगूळ वाटताना त्यांच्या दारात भेटले होते. 'गोड बोला' म्हणत तिनं तिळगूळ दिला, पण त्यांनी मान वर केली नाही. बरं नसेल बिचाऱ्यांना, म्हणून तिनं आणखी एक लाडू त्यांच्या हातावर ठेवला होता.

"नाव मीच सांगते, मॅडम," ती म्हणाली. "तुम्ही फक्त माझा हात धरून बसा."