चार फूट जागा

गुरुवारी सकाळी नऊ वाजता तळ्याच्या धक्क्याला एकतीस होड्या बांधलेल्या होत्या. बांधाखाली ओढ्याकाठी एकोणीस घरं, त्यांतली सात चाकांवरची. पाणी सांडव्याच्या ओठाला टेकलेलं.

बांधाची राखणदार व्हर्ना स्टिल्टनर तळ्याचं पाणी खाली सोडणाऱ्या तळझडपेचं चाक फिरवत होती.

"अगं ए बाई, थांब!" मासेमारी क्लबचा अध्यक्ष हार्लन धापा टाकत आला. "शनिवारी आमची स्पर्धा आहे. होड्या काय चिखलात वल्हवायच्या?"

"स्पर्धा होणार नाही."

"वादळ जॉर्जियातच मेलं. टीव्हीवाल्यांनी त्याचं नाव घेणंसुद्धा सोडलं."

"वारा मेला, हार्लन. पाणी नाही मेलं. ते सगळं ओझं घेऊन डोंगराच्या कडेकडेनं वर येतंय. उद्या दुपारी ओहायोकडची थंड हवा त्याच्याखाली घुसेल. पिळून निघेल ते, आपल्या डोक्यावर."

"तीनच इंच पाऊस सांगितलाय हवामानखात्यानं."

"तीन ते पाच. तोही सपाटीवर. इथे मी सात धरते. मातीच्या बांधावरून पाणी एकदा चढलं की बांध राहत नाही, खालची घरंही."

"आणि नाही पडला तर? तळं भरायला मार्च उजाडेल. सोमवारच्या बैठकीत तळ्याचं मंडळ मत घेऊन तुझ्याकडून झडपेची चावी काढून घेईल. पहिला हात मी वर करीन."

"कर. खांदा तेवढा जप."

चाक तिनं शेवटपर्यंत फिरवलं.

शुक्रवारी सकाळपर्यंत पाणी चार फूट उतरलं. होड्या कुशीवर कलंडून चिखलात बसल्या. लख्ख ऊन पडलं होतं. पुलावरून जाणारा कुणी गाडीतून ओरडला, "व्हर्ना, छत्री विसरलीस!" तिनं हसून हात हलवला.

दोन वाजून वीस मिनिटांनी दक्षिणेचा चिकट वारा एकदम पडला. पाच मिनिटांत वायव्येकडून गार झोत आला. तिनं रेनकोटाची बटणं लावली.

शनिवारी सकाळी सातला पाऊस थांबला. हार्लन कुणी न बोलावता आला, बांधाच्या माथ्यावर पालथा पडला आणि मोजपट्टी खाली सोडली. आकडा त्यानं दोनदा वाचला, मग ओरडून सांगितला. व्हर्नानं तो वहीत लिहिला.

पाणी माथ्यापासून पाच इंच खाली.