बाहेर पडण्याची वेळ

"नाव, वेळ, सही," असं म्हणत गार्डने वही बाईंच्या पुढे सरकवली आणि तो पाण्याच्या बाटल्या भरायला चौकीत गेला. परत आला तरी बाई वहीत डोकं घालूनच उभ्या होत्या.

"निबंध लिहिताय की काय, बाई?"

"तुमचंही नाव घातलं. आज बरोबर येताय ना माझ्या?" बाईंनी वही मिटली आणि नेहमीच्या जागी खिडकीत ठेवली.

गार्डचं नाव वहीत लिहायची पद्धत नव्हती. पण चाळीस वर्षं शाळेत हजेरी घेतलेल्या बाईला कोण शिकवणार? तो हसला आणि त्याने दोर खांद्यावर टाकला.

अभयारण्याचा तो हंगामातला शेवटचा दिवस होता. उद्यापासून चार महिने फाटक बंद. बाईंशिवाय कुणी फिरकलंही नव्हतं. संध्याकाळी सहाला ऑफिसची गाडी यायची, ड्रायव्हर खिडकीतली वही उचलायचा, फाटकाला कुलूप लावून निघून जायचा. गार्ड त्याच्यासाठी कधी थांबत नसे. गार्डचं सामान कालच बायकोबरोबर तिच्या माहेरी पुढे गेलं होतं.

बाईंची मुलगी गेल्या वर्षी इथेच आली होती. रानफुलांची चित्रं काढायची. ती घरी पोचलीच नाही. वहीत ती साडेपाचला बाहेर पडल्याची नोंद होती, त्यामुळे जंगलात कुणी शोधलं नाही. पोलिसांनी बसस्टँड पालथे घातले, तिच्या मित्राला दोनदा चौकशीला बसवून ठेवलं, आणि शेवटी कुणाबरोबर तरी निघून गेली असेल म्हणून फाइल मिटवली. बाई मात्र हंगामात दर महिन्याला येत राहिल्या. लेकीला आवडायची ती झाडं तरी ओळखता यावीत, एवढंच त्या म्हणत. गार्ड त्यांना पानं दाखवी, पक्ष्यांचे आवाज ओळखायला शिकवी. दोघं एकाच दगडावर बसून डबा खात. त्याला त्या आवडत होत्या, आणि म्हणूनच त्या आल्या की त्याला दोन दिवस झोप लागत नसे.

"तुमच्याकडे येणारी माणसं वेळेची फार पक्की हो," चढ चढताना बाई म्हणाल्या. "पोलिसांनी मला ते पान दाखवलं होतं. अकरा नावं. अकराही जण साडेपाचला बाहेर!"

"फाटक बंद व्हायची वेळच ती, बाई. तो बघा, सुतारपक्षी."

बाईंनी गळ्यातली दुर्बीण डोळ्यांना लावली.

रकाना रिकामा दिसला की साहेब ओरडायचे. म्हणून गार्ड पाच वाजताच सगळ्यांच्या नावापुढे साडेपाच लिहून मोकळा व्हायचा. सगळेच करतात, त्यात काय एवढं! पण गेलं वर्षभर तो आकडा त्याच्या घशात काट्यासारखा अडकला होता. आज सांगून टाकू, असं तो दर खेपेला ठरवायचा आणि जिभेवर आलेलं गिळायचा.

घळीजवळ आल्यावर तो मागे रेंगाळला. इकडे यायला पर्यटकांना बंदी होती, आणि वर्षभरात तोही इकडे फिरकला नव्हता.

"ते निळं फूल फक्त इथेच ना?" बाईंनी विचारलं. "तेवढंच एक राहिलंय, असं ती निघताना म्हणाली होती. एक काढून द्याल?"

नाही म्हणायला त्याला तोंड नव्हतं. त्याने दोर झाडाला बांधला. वॉकीटॉकी कड्यावर आपटेल म्हणून बाईंच्या हातात दिला. घळ तीन पुरुष खोल होती आणि दोन्ही बाजूंचा दगड गुळगुळीत, शेवाळलेला. तो सावकाश खाली उतरला.

निळी फुलं होती. पाचोळ्यात एक लाल बाटली होती. थोडं पलीकडे जे होतं ते त्याने पाहिलं आणि नजर वळवली. प्लास्टिकच्या पिशवीत एक वही होती. पानापानावर फुलं. शेवटच्या पानावर फूल नव्हतं. सात उभ्या रेघा होत्या. पहिल्या ठळक, सातवी जेमतेम उमटलेली.

सात दिवस! त्या सात दिवसांत तो वर फाटकापाशी बसून वहीचे रकाने भरत होता.

"खाली काही दिसतंय का?" वरून बाईंनी हाक मारली.

त्याने तोंड उघडलं. मग त्याला नोकरी दिसली, पोलीस दिसले, बायकोचा चेहरा दिसला.

"काही नाही, बाई. नुसता पाचोळा."

"नीट बघा."

"बघितलं ना! काहीच नाही." त्याने वही पाचोळ्याखाली सरकवली.

मग दोर हलला आणि सरसरत वर जायला लागला. त्याने उडी मारली, पण टोक हाताला लागलं नाही.

"बाई! दोर!"

बाई कड्यावरून वाकल्या. "लेकीची ती लाल बाटली मला गेल्याच महिन्यात दिसली होती, वरच्या टेकडीवरून, दुर्बिणीतून. म्हटलं, बाकीचं तुमच्या तोंडून ऐकावं."

"मी सांगणारच होतो, बाई! आईशप्पथ! दोर टाका. मी घरी पोचलो नाही तर शोधायला येतील मला!"

"इथे नाही येणार, दादा," बाई शांतपणे म्हणाल्या. "सकाळीच वहीत आपल्या दोघांच्या नावापुढे बाहेर पडण्याची वेळ भरून आलेय मी. साडेपाच."