मारुती गल्लीला आलेला गुण

"दोन गल्ल्या घेतल्यास तर फरक एकच ठेव, अपर्णा. दुसरा फरक आत शिरला की सगळी मेहनत पाण्यात."

कॉलेजातल्या सरांचं हे बजावणं आठवत अपर्णा शिरड शहापूरच्या पंचायतीत बसली होती. फरक तिनं एकच ठेवला होता. मारुती गल्लीत डेंगू होऊ नये म्हणून व्यंकटरावकाकांच्या होमिओपॅथीच्या गोळ्या, टाकी गल्लीत तशाच दिसणाऱ्या नुसत्या साखरेच्या. बाकी माणसं तशीच, घरं तशीच. नळही दोन्हीकडं आठवड्यातून एकदा, सोमवारी संध्याकाळी. काकांनी हट्टानं गोळ्यांसाठी आपलीच गल्ली घेतली, एवढंच.

घरोघर गोळ्या पोचवायचं काम काकांच्या बायकोकडं, विजयाकाकूंकडं होतं. त्यांचा आवाज शेजारच्या ओट्यालाही कधी ऐकू गेला नसेल. सोमवारी मात्र त्यांचा निर्जळी उपास. त्या दिवशी गोळ्या नाहीत, फोनही नाही. "सोमवारी मी महादेवाची," म्हणायच्या. मंगळवारी भेटल्या की खांदे धरलेले असायचे.

आणि आता पावसाळा सरताना टाकी गल्लीत घरटी एक माणूस डेंगूनं आडवं होतं. मारुती गल्लीत कोणी साधं कण्हलंही नव्हतं.

"बोल आता," काकांनी मिशीला पीळ दिला. "तू सरकारी दवाखान्याची डॉक्टरीण. मी आपला साबुदाण्याएवढ्या गोळ्यांचा डॉक्टर. व्हय का न्हाई?"

"काका, एका पावसाळ्यावरून असं ठरत नसतं."

"घरोघर फिरलं कोण? तूच. रक्त तपासलं कोणी? तूच. मग आता काहून तोंड वाकडं करून राहिलीस?"

सगळे हसले. सरपंच हरिचंद तेवढे हसले नाहीत. मागच्या साली त्यांची नात जाई डेंगूनं जाता जाता वाचली होती. तेव्हापासून अपर्णा दारोदार सांगत होती, आठवड्यातून एक दिवस रांजण उपसा, घासा, कोरडे करा. डास त्याच पाण्यात वाढतो. बाया उलट तिलाच विचारायच्या, "नळ आठ दिवसाला येतो बाई, आन् आहे ते पाणी ओतून देऊ?"

आज पंचायतीनं गोळ्या धरल्या, तर तिचं ऐकणारं कोणी उरणार नव्हतं. आणि पुढच्या साली एखादी जाई वाचणार नव्हती.

"ताई, तुमचं ते रांजण उपसायचं आता ऱ्हाऊ द्या," हरिचंद म्हणाले. "लेकराला तकलीफ न झालेली बरी. सगळ्या गावाला गोळ्या."

काकांनी अपर्णाच्या तळहातावर दोन गोळ्या ठेवल्या. "घे. हरल्यावर जी मळमळ होती, तिच्यावर बी चालतात."

ती काकांच्या घरी आली तेव्हा काकू अंगणात घागर चिंचेनं घासत होत्या.

"काकू, माझं चुकलं कुठं? दुसरा काही फरक होता का?"

"तुझं काई चुकलं न्हाई, बाळा. यांच्या गोळ्या, आन् वर महादेवाची कृपा." काकूंनी पदर खोचला. "मी देवाला बोलले होते ना. यांचा शब्द राहू दे, आपल्या गल्लीच्या बाया दर सोमवारी तुझी पिंड बुडवतील. आन् शब्द राहिला, तर पुढं सगळ्या गावाच्या हातून बुडवीन. आता बोललेलं पाळाया नको?"

"पिंड बुडवतील? कशात?"

"अगं, गाभारा भरायचा. घरोघरच्या पाण्यानं. टाकी गल्लीतल्या बाया कवाच्या तयार आहेत, देवाच्या कामाला कोण न्हाई म्हणतंय?"

काकूंनी घागर कमरेवर घेतली. अनवाणी पायरी उतरल्या, थांबल्या, आणि देवळात बोलावं तशा हलक्या आवाजात म्हणाल्या,

"नियम तेवढा एक समजून सांगावा लागल त्यांना. देवाला दिलं त्यातलं घोटभर बी घरी ठेवायचं न्हाई. रांजण तळापासून उपसायचा, राखेनं घासायचा, आन् नळ येईस्तोवर उन्हात पालथा घालायचा."