पुस्तक मिटून

त्या पत्राला मुद्रितशोधकांनी सतरा दिवस उत्तर दिलं नव्हतं. पत्र म्हणजे कागद नव्हे. सगळ्यांनी मिळून लिहायचा एक ऑनलाइन ज्ञानकोश असतो, तिथे त्यांच्या खात्याच्या चर्चापानावर कुणा अनोळखी तपासनिसाने लिहिलेल्या चार ओळी. भाषा सभ्य होती, म्हणूनच जास्त लागली.

‘आपण पुस्तक मिटून लिहिल्याचं सांगता. पण एकोणीसपैकी चौदा वाक्यं पुस्तकाशी शब्द न शब्द जुळतात. हे कसं, ते कृपया कळवावं. महिनाअखेरपर्यंत खुलासा आला नाही तर आपलं खातं बंद करावं लागेल.’

आज महिन्याचा शेवटचा दिवस होता.

ज्या छापखान्यात त्यांनी अडतीस वर्षं मुद्रितं तपासली, तो आता राहिला नव्हता. मालक गेले, यंत्रं भंगारात गेली, जागेवर चष्म्याचं दुकान आलं. उरलं होतं ते मालकांच्या नावावरचं एक बारीकसं पुस्तक, छापखान्याच्या हकिकतीचं. ज्ञानकोशात छापखान्याचं पान नाही हे पाहून मुद्रितशोधकांना राहवलं नाही. पहिल्या वेळी त्यांनी पुस्तक समोर उघडं ठेवलं, ‘आरंभ’ होता तिथे ‘सुरुवात’ केली, आणि एवढ्याने काम भागलं असं समजले. दोन तासांत पान उडालं. तपासनिसाने समजावून सांगितलं, माहिती कुणाच्या मालकीची नसते, वाक्यं असतात. माहिती घ्या, तळाशी पुस्तकाचं नाव द्या, पण पुस्तक मिटा आणि मग लिहा.

त्यांना ते पटलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांवर लाल खूण केलेल्या माणसाला आपल्यावरची खूण निमूट मान्य करावी लागते. त्यांनी पुस्तक सुनेच्या हवाली केलं. तिने ते कपाटात चादरींखाली ठेवून किल्ली स्वतःकडे ठेवली. मग चार दिवस बसून त्यांनी पान नव्याने लिहिलं. वाक्यं कशी आपोआप येत गेली. खरं तर तेव्हाच त्यांनी सावध व्हायला हवं होतं.

“बाबा, आज तरी कळवायचं ना?” सुनेने संगणक चालू करत विचारलं. ती शाळेत शिकवायची आणि त्यांचं टंकलेखनही तीच करायची. “माझ्या वर्गातही असतात असे. दोघांचा निबंध एक, आणि दोघंही शपथेवर सांगतात, बाई, पाहिलं नाही.”

“मी पाहिलं नाही.”

“ते मला माहीत आहे हो. किल्ली माझ्याकडे होती. पण खरं सांगा, पाठ आहे का तुम्हाला ते पुस्तक?”

“पाठ केलं नव्हतं,” ते म्हणाले. “लिहिलं होतं.”

सुनेचा हात कळफलकावरून खाली आला.

त्यांनी थोडक्यात सांगितलं, समासात सुटलेला शब्द लिहावा तसं. मालकांचं डोकं यंत्रात चालायचं, लेखणी हातात घेतली की अडायचं. दुपारी ते यंत्रापाशी उभे राहून बोलत, संध्याकाळी मुद्रितशोधक ते लिहून काढत. मुखपृष्ठाचं मुद्रित आलं तेव्हा त्यावर एकच नाव होतं. तेही तपासायला यांच्याकडेच आलं. चूक एकही नव्हती. त्यांनी सही करून परत पाठवलं.

“आणि बोलला काहीच नाहीत?”

“सही केली म्हटलं ना.”

“मग आता लिहा की हे. त्या माणसाला तुम्ही खोटारडे वाटताय.”

“पुस्तकाचे हक्क मालकांच्या मुलीकडे आहेत. बापाची तेवढीच एक वस्तू उरलीय तिच्याकडे. चारचौघांत कसं सांगू, की तीही त्याची नव्हे?”

“आणि तुमच्याकडे काय उरलंय?”

सून असं सरळ विचारायची आणि मग चहा ठेवायला निघून जायची. आताही गेली. मुद्रितशोधकांनी कळफलक पुढे ओढला आणि एका बोटाने एकेक अक्षर शोधायला लागले.

चहा घेऊन ती आली तेव्हा उत्तर तयार होतं.

‘आपलं म्हणणं बरोबर आहे. चौदा वाक्यं पुस्तकातलीच आहेत. पुस्तकासाठी ती मीच लिहिली होती, त्यामुळे मिटलं तरी तीच येतात. पण पुस्तक मालकांच्या नावावर आहे, म्हणून ती मला इथे देता येत नाहीत. पान काढून टाकावं. मी माहितीचे मुद्दे पृष्ठांकांसह पाठवतो. ज्याने हे पुस्तक कधी वाचलेलं नाही, अशा कुणीतरी ते लिहावं.’

तिने दोनदा वाचलं. त्यांनी कळ दाबली. उत्तर चर्चापानावर उमटलं.

त्यांनी ते तिथे पुन्हा वाचलं, सवयीने, उलट्या पेन्सिलीचं टोक ओळीवरून फिरवत. काना-मात्रा ठीक होत्या. मग त्यांनी मजकूर परत उघडला, ‘मीच लिहिली होती’ हे तिसरं वाक्य तेवढं कापलं, मागची-पुढची वाक्यं नीट सांधली आणि कळ दुसऱ्यांदा दाबली. आता तिथे एका म्हाताऱ्याची सरळ कबुली होती: वाक्यं पुस्तकातली आहेत, पान काढा.

“खोडलंत?” सून म्हणाली. तिने कप जरा जोरातच टेबलावर ठेवला. “आणि खोडून उपयोग काय, बाबा? इथे काही पुसलं जात नाही. आधीचं सगळं ‘इतिहास’मध्ये राहतं, तारीखवार. तो तपासनीस आहे, उघडून बघणारच.”

“ठाऊक आहे,” मुद्रितशोधक म्हणाले. “म्हणून तर आधी पाठवलं.”